सोळा आणे

बादशाहभाईंनी रुपया काळ्या दगडावर टाकला आणि डोळे मिटले. नाणं खणखणलं, गिरकी घेत राहिलं, आवाज बारीक होत होत विरला. इंदापूरच्या बाजारात चांदीवाले बरेच, पण जुना रुपया खरा की खोटा हे नुसत्या कानानं सांगावं ते बादशाहभाईंनीच. त्यांना त्याचा तोराही होता, आणि का नसावा? भल्याभल्यांची नाणी ह्याच दगडावर उघडी पडली होती.

समोर अंथुर्ण्याच्या कुशाबाई बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. शेजारी सून निकिता, रडून रडून तोंड सुजलेली. आणि दोघींच्या मागं उभा ऋषिराज, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. बिचाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत.

भानगड अशी. लग्नात वडिलांनी ओटीत घातलेला राणीछाप रुपया कुशाबाईंनी सासरी आल्या आल्या देव्हाऱ्यात ठेवला, लक्ष्मी म्हणून. यंदा दिवाळीला निकितानं देव घासले, आणि पूजेला बसल्यावर रुपया हातात घेताच कुशाबाई म्हणाल्या, "ह्यो माजा न्हाय. बदललाय." झालं! भावकीच्या कानावर तेवढं जायचाच अवकाश. सुनेनं खरा रुपया विकून खोटा आणून ठेवला, असं गावभर झालं. निकिता हो म्हणेना की नाही म्हणेना. रुपया खोटा निघाला तर तिला कायमचं माहेरी सोडायचं, हे भावकीनं ठरवूनही टाकलं.

"चाचा, तुमी सांगाल ते मान्य," ऋषिराज म्हणाला. "खोटा निघाला तर..."

बादशाहभाईंनी घाई केली नाही. रुपया काट्यावर तोलला. कडेचे दाते नखानं चाचपले. भिंगातून राणीचा मुकुट पाहिला, नाक पाहिलं. मनात निकाल कधीच लागला होता. पोरीवरचं बालंट आता आपल्या हातून टळणार, म्हणून स्वारी आतून खूश होती.

एवढ्यात बाहेर उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्नवर हॉर्न द्यायला सुरुवात केली. ऋषिराजची गाडी आडवी लागली होती. तो धावत सुटला.

बादशाहभाईंनी रुपया कुशाबाईंपुढं सरकवला. "आक्का, अस्सल चांदी हाय. सोळा आणे खरा! उगाच पोरीला बोल लावला तुमी."

आता म्हातारीचा चेहरा खुलणार, अशी त्यांना खात्री होती. पण तो पारच उतरला.

"मग तर माजा न्हायच," कुशाबाई म्हणाल्या. "माजा खोटा हुता."

बादशाहभाईंचं भिंग हातातच राहिलं.

"आत्या!" निकिता सासूला आत्याच म्हणायची. "तुम्हाला माहीत होतं?"

"बापानंच सांगितलेलं. खरा घावला न्हाय पोरी, येळ निभावून ने, म्हणाला. भावकीत काय सांगू मी? माजा खोटा रुपया कुठं गेला, म्हणून इचारू? बापाचं नाव गेलं असतं." म्हातारीचे डोळे भरून आले. "तुला चोर म्हणले लोक, आन् मी गप ऱ्हायले. चुकलं माजं."

"मी चिंच लावून घासला, तर आतनं तांबं दिसाय लागलं," निकिता हुंदके देत म्हणाली. "म्हटलं, आत्यांना कळलं तर वडलांच्या नावानं जीव तुटंल त्यांचा. म्हणून माझ्या आईनं ओटीत घातलेला तिथं ठेवला." तिनं पर्समधल्या रुमालाची गाठ सोडली. आत एक लालसर, मळकट नाणं होतं. कुंकू अजून त्याच्या कडेला चिकटलेलं.

बादशाहभाईंचा हात सवयीनंच पुढं झाला. त्यांनी ते उचललं आणि दगडाकडं नेलं. कुशाबाईंनी झटक्यात आपला तळवा दगडावर पसरला.

"वाजवू नगा, भाऊ! कुणी वाजवू नये म्हणून तर मी देव्हाऱ्यात ठेवला. देवाला कोण वाजवून बघतंय?"

बादशाहभाईंनी नाणं अलगद त्यांच्या हातावर ठेवलं. म्हातारीची मूठ मिटली. दुसरा, खरा रुपया कुशाबाईंनी सुनेकडं सारला. "ह्यो तुजा. आईनं दिलेला असा कुणाला देत्यात व्हय, येडे?"

ऋषिराज घाम पुसत आत आला. "काय निघालं, चाचा? आईचा रुपया?"

बादशाहभाईंनी म्हातारीच्या मुठीकडं पाहिलं. न वाजवता निकाल द्यायची त्यांची ही पहिलीच वेळ. पण आवाज जराही कचरला नाही.

"तुझ्या आईचा?" ते म्हणाले. "सोळा आणे खरा."