डाव्या बाजूची मॅट

"शेजारी कोण बसतं, दादा?" मॅटवाल्या मावशींनी विचारलं.

गाडीतल्या जुन्या मॅट काढून त्यांनी दुकानाच्या पायरीवर उन्हात पसरल्या होत्या. त्यांची रीतच तशी. नवीन माल दाखवायच्या आधी जुना नीट बघायचा. कुठे झिजलंय, कुठे चिखल साचलाय, कुठे नुसतीच धूळ आहे. मग त्या मापाने नवीन मॅट कापायची आणि झिजलेल्या जागी जाड रबराचं ठिगळ शिवून द्यायचं.

"कोणी नाही. एकटाच असतो मी," तो म्हणाला. "जरा लवकर होईल का? चारला मुलीला आणायचंय."

मुलगी वसतिगृहात राहायची. आई गेल्यापासून सुट्टीत घरी यायची ती बसनेच. या गाडीत ती दोनदाच बसली होती, दोन्ही वेळा मागे. खिडकीबाहेर तिने एकदाही बघितलं नव्हतं. वाकून पुढच्या सीटच्या पायाशी बघत राहिली होती. "पुढे ये ना," म्हटलं की "नको," एवढंच. आपल्यावरचा राग तिच्या मनातून जात नाही, हे त्याने समजून घेतलं होतं. अपघात झाला तेव्हा गाडी चालवत होता तोच. आज सकाळी फोनवर त्याने भीत भीत विचारलं, "आज पुढे बसशील?" ती म्हणाली, "बघते." त्या एका शब्दावर त्याने गाडी आतून-बाहेरून धुऊन घेतली होती. आता मॅट राहिल्या होत्या. सगळं कोरं दिसलं तर बसेलही.

"ही तुमची," मावशींनी उजवीकडची मॅट उचलली. "टाचेखाली भोक पडायला आलंय. पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही वाटतं तुमचा." मग त्यांनी डावीकडची मॅट मांडीवर घेतली. तिच्यात शेजारीशेजारी दोन खळगे पडले होते. मावशींनी अंगठा ठेवला तर तो निम्मा आत गेला. "आणि या बाईमाणसाच्या टाचा. लहान आहेत. ब्रेक दाबत बसते बिचारी. आमचे हे गाडी चालवतात तेव्हा मीही दाबते. त्यांना वाटतं, मी निवांत जप करतेय."

तो हसला नाही.

"मग आधीच्या मालकाच्या घरातलं कोणी असेल," मावशी म्हणाल्या.

"गाडी नवीनच घेतली मी. मॅटही गाडीबरोबरच आल्या. सात महिने झाले. त्या सीटवर अजून कोणीच बसलेलं नाही."

मावशींनी मॅट हळूच खाली ठेवली. पदराला हात पुसले.

त्याला जुनी गाडी आठवली. बायको शेजारी बसायची आणि वळण आलं की दोन्ही पाय रोवायची. तोंडाने एक अक्षर नाही, नुसते पाय. तो म्हणायचा, "तुझ्या बाजूलाही एक ब्रेक बसवून घेऊ या, म्हणजे संसार सुखाचा होईल." शेवटच्या वळणावरही तो हेच म्हणत होता. वाक्य पुरं झालं नव्हतं.

"यातली कुठली?" मावशींनी विचारलं. काठ वर आलेली रबराची होती, मऊ गालिच्याची होती, जाळीची होती. त्याने रबराची दाखवली. काळी, बिनडागाची.

"डावीकडे ठिगळ लावते."

"नको. साधी द्या."

"झिजतं तिथे मी लावतेच, दादा. पायांना आधार होतो."

"कोणाच्या पायांना?"

मावशींनी कात्री उचलली. त्यांनी साधी मॅट कापून दिली.

निघायला उशीर झालाच होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने वेग घेतला, तेव्हा डावीकडून आवाज आला. नवं रबर कशाखाली तरी दाबलं जावं तसा, चर्रर्र. मॅट सरकत असेल, असं त्याने मनाला सांगितलं. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला, आवाज थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा चर्रर्र. तिसऱ्यांदा दाबून बघायचा त्याला धीर झाला नाही. मागून हॉर्न वाजत राहिले, एकेक जण वैतागून पुढे निघून गेला. तो डावीकडे न बघता सायकलच्या चालीने गाडी हाकत राहिला. अर्ध्या वाटेपुढे मात्र त्याची भीती कशी कोण जाणे ओसरली. शेजारी कोणीतरी रोखून धरलेला श्वास सोडल्यासारखं त्याला वाटलं.

वसतिगृहाच्या फाटकाशी पोचायला साडेचार झाले. मुलगी बाहेर उभी होती. गाडी रस्त्याच्या टोकाला दिसल्यापासून ती एकटक बघत होती. त्याने पुढचं दार उघडलं, पण "बस" म्हणायचं धाडस झालं नाही.

ती वाकली. डावीकडच्या मॅटकडे क्षणभर बघितलं. मग पिशवी मागे टाकली आणि पुढे बसली.

त्याने दार हलकेच लावलं. तो वळसा घालून आपल्या जागी बसला, तर मुलगी पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून, दाराला अगदी चिकटून बसलेली. बाकीची सीट रिकामी.

"पाय खाली सोड ना बाळा. नवीन मॅट आहे."

"नको बाबा. तिथे आईचे असतात." तिने पट्टा लावला आणि पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघितलं. "पण आज सैल सोडलेत तिने."