शेरीफच्या हातची पेटी
जेरेड हा परगण्याचा शेरीफ. गव्हर्नरच्या निवडणुकीची मतपेटी घेऊन तो भर तापात राजधानीला निघाला. गाडी हाकायला बायको डॉर्कस सोबत होती. तिसऱ्या दिवशी वाटेतच तो गेला. एका शेताच्या कुंपणाशी त्याला पुरून डॉर्कसने एकटीने पेटी राजधानीत पोचवली. मोजणी समितीच्या अध्यक्षाने लाखेची मोहोर निरखली. “मोहोर शाबूत आहे. पण पेटी शेरीफने आणायची, नाहीतर त्याने नेमलेल्या माणसाने. तुमच्याकडे नेमणुकीचा कागद आहे?” “तापात बरळणारा माणूस कागद कसा लिहिणार, साहेब?” “मग ही मतं बाद.” शेजारचा सभासद हसला. “तसाही तो परगणा आपल्या पक्षाला कुठे मत देतो!” डॉर्कसच्या डोळ्यांदेखत तीनशे मतं खोलीतल्या शेगडीत गेली. ती गावी परतली तेव्हा निकाल तिच्याआधी पोचला होता. गावाने मत दिलेला उमेदवार ऐंशी मतांनी पडला होता. लोहाराच्या भट्टीपुढे माणसं जमली. जेरेड वाटेत गेला आणि नेमणुकीचा कागद नाही म्हणून मतं जाळली, एवढंच तिला कसंबसं सांगता आलं. काहींनी टोप्या काढल्या. मग लोहार म्हणाला, “वहिनी, राग मानू नका. पण निघण्याआधी एक कागद लिहून ठेवायला जेरेडला काय झालं होतं?” “तेच म्हणतो मी,” मागून कुणीतरी बोललं. “सगळं घालवलं त्याने.” बोलणं वाढतच गेलं. डॉर्कस लगाम धरून उभी होती. त्याला कुठे पुरलं, हे कुणीच विचारलं नाही.