खाप्याचा खाऊ

भूगोलाचा तास सुरू झाला तेव्हा देवकीच्या बाकावर, दप्तराआड, लाल झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा होता आणि डब्यात मामाचा ट्रान्झिस्टर चालू होता.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे बसून ऐकायचे आणि घंटा झाली की बंद करायचा, असे तिने ठरवले होते. पण नागपूर केंद्रावर आधी कुणी डॉक्टरीणबाई बाळाच्या आहारावर बोलल्या, मग लोणच्याला बुरशी का लागते ते झाले, आणि घंटा झाली तरी माय आली नाही. खाप्याच्या बायांची भुलाबाईची गाणी आज लागणार होती. पुढे गाणारी रंभाबाई म्हणजे देवकीची माय. गाणे एकदाच लागणार होते. देवकीने आवाज बारीक केला, झाकण लावले आणि वर्गात आली. स्टीलच्या डब्यात स्टेशन धरत नाही, हे तिने काल मामाच्या घरी करून पाहिले होते.

फळ्यावर नद्या काढता काढता प्रेमिलाबाईंचा खडू थांबला.

"कोण बोलून राहिलं?"

कुणीच बोलत नव्हते, म्हणून तर ऐकू येत होते. बाई बाकांमधून चालत देवकीपाशी आल्या.

शाळेत ट्रान्झिस्टर आणायचा नाही, आणला तर जप्त, आणि वर्ष संपल्यावर पालकांनी येऊन न्यायचा, हा नियम मुख्याध्यापक चंपतरावांनी टेस्ट मॅचच्या दिवसांत केला होता. त्यांच्या कपाटात चार ट्रान्झिस्टर पडून होते. चौथा तर पकडला तेव्हा बंद होता. एका पोरीने दप्तर जमिनीवर ठेवले त्या आवाजावरून सरांनी तो जिन्यातूनच ओळखला होता.

"काय आहे वं डब्यात?" बाईंनी विचारले.

"खाऊ आहे बाई. भुलाबाईचा."

न पटण्यासारखे त्यात काही नव्हते. त्या महिन्यात शाळा सुटली की पोरी व्हरांड्यात मातीची भुलाबाई मांडून गाणी म्हणत, आणि रोज एकीने खाऊ आणायचा असे. आणणारीने झाकण उघडायचे नाही. बाकीच्यांनी डबा कानाशी हलवून आत काय आहे ते सांगायचे. ओळखेपर्यंत डबा बंद.

"आज पाळी कौशल्याची आहे," बाई म्हणाल्या.

"मी विसरली बाई," शेजारी बसलेली कौशल्या लगेच म्हणाली. "म्हणून देवकीनं आणला."

बाईंनी डबा उचलला. खाऊच्या मानाने तो जड होता. त्यांनी देवकीकडे पाहिले. देवकीने पुस्तकातल्या गोदावरीकडे पाहिले. तेवढ्यात दारात चंपतराव उभे राहिले.

"काय चाललं आहे, बाई?"

डबा बाईंच्या हातात होता.

"भुलाबाईचा खाऊ आहे, सर. ओळखून राहिलो होतो."

चंपतराव आत आले आणि त्यांनी डबा हातात घेतला. देवकीला वाटले, आता झाकण निघणार. ट्रान्झिस्टर जाणार, मामा बोलणार, त्याचे एवढे काही नाही. पण गाणे जाणार.

सरांनी डबा कानाशी धरला. आत निवेदिका सांगत होती, खापा येथील रंभाबाई आणि साथीदार. मग टाळ्यांचा ठेका आला आणि त्यामागून एका बाईचा उंच, मोकळा आवाज. कन्हान भरली वं बाई, लेक पल्याड राही.

"कुठला खाऊ आहे?" सरांनी विचारले.

देवकी उभी राहिली. "खाप्याचा, सर. मायनं पाठवला."

"तू इथे कोणाकडे असतेस?"

"मामाकडे, सर."

"मायकडे कधी जातेस?"

"दिवाळीत."

सरांनी डबा हलवला, पण इतका हळू की आतले स्टेशन सरकू नये.

"मुरमुरे," ते म्हणाले.

"नाही, सर."

"फुटाणे."

"नाही, सर," आता सगळा वर्ग म्हणाला.

"करंज्या असतील, सर," प्रेमिलाबाई म्हणाल्या. पोरी हसल्या. कुणीतरी मागून चकल्या म्हणाले, कुणी शेंगदाण्याचे लाडू, आणि त्या गलक्यात गाणे बुडाले.

"हळू बोला वं पोरींनो," चंपतराव म्हणाले. "मले आवाजावरून ओळखू द्या."

सर शाळेत कधी असे बोलत नसत. वर्ग चूप झाला. सरांनी डबा देवकीच्या बाकावर, तिच्या पुढ्यात ठेवला आणि पाठीमागे हात बांधून उभे राहिले. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. लाल झाकणाखाली रंभाबाई गात होती आणि तिच्या मागे खाप्याच्या बाया टाळ्या धरत होत्या. देवकीने दोन्ही तळवे झाकणावर टेकले. प्रत्येक टाळी तिच्या हाताला लागत होती.

गाणे संपले. निवेदिका धान्याचे भाव सांगू लागली.

"हारलो," सर म्हणाले. "मला तीन बहिणी. त्यांचा खाऊसुद्धा कधी ओळखता आला नाही." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आता तो डबा वाजू देऊ नकोस. आणि असला खाऊ पुन्हा शाळेत नको."

दुसऱ्या दिवशी देवकी त्यांच्या खोलीत गेली. मामीने पहाटे खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. त्याच लाल झाकणाच्या डब्यात घालून तिने डबा टेबलावर ठेवला.

सरांनी तो उचलला, कानाशी नेऊन चांगला खडखडवून हलवला आणि बराच वेळ विचार केला.

"ट्रान्झिस्टर," ते म्हणाले. "जप्त." आणि कपाटाची किल्ली शोधू लागले.