भोंग्यानंतरची हाक

चंपाच्या बाबांच्या, म्हणजे टिकारामच्या, जबड्यातली गाठ साधी निघाली! डॉक्टरांनी खोलवरचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, तेव्हापासून घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आज चंपानं बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि मनातल्या मनात डॉक्टरांनाही हात जोडले.

"टाके निघेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बाबा तोंडाला पट्टी बांधून बाजेवर गप्प बसले होते. डोळे मात्र हसत होते.

"बरं झालं, तेवढीच कटकट कमी," माय म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी बाबांच्या कारखान्याचा भोंगा झाला. ड्युटी सुटली की बाबा गल्लीच्या तोंडावरूनच, सायकलवर बसल्या बसल्या, हाक द्यायचे. आजही बाहेरून तीच हाक आली.

"चंपे, चाय मांड वं!"

मायनं सवयीनं सिगडीवर आधण ठेवलं. मग तिचा हात तसाच राहिला.

चंपानं बाजेकडे पाहिलं. बाबांची पट्टी जागच्या जागी होती.

"माय, कोन हाक मारून राह्यलं?"

"तुह्या बाबाचाच आवाज हाय, पोरी."

बाहेर भिंतीला सायकल टेकल्याचा आवाज झाला. बाबांची सायकल तर घरातच उभी होती.

कडी वाजली. बाबांचा आवाज किती दिवसांनी ऐकला होता! भीती वाटायच्या आधी चंपाला आनंदच झाला. ती दाराशी धावली, कडीला हात घातला आणि मागे वळून पाहिलं.

आपलाच आवाज घरी परतल्यासारखे बाबांनी दाराकडे बघून हात जोडले होते. मग ते बाजेवर हळूच सरकले आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.