सिग्नल आणि दावं

फर्राजने ड्रोनच्या रिमोटला ॲम्प्लिफायर जोडला, गाडीच्या टपावर पुरुषभर उंचीचा अँटेना उभा केला आणि मग त्याला आईची कीव आली. उंटिणी चरायला सोडण्याआधी ती अजूनही त्यांचे पुढचे पाय दाव्याने बांधत होती.

"सोड ती दावी, आई. आजोबांकडे अँटेना नव्हता म्हणून ते बांधायचे. आता टेकड्यांपलीकडे गेल्या तरी मी इथे कहवा पीत हुडकून काढीन."

"बरं बाबा, तू शहाणा," म्हणत आईने दावी सोडली.

दुपारपर्यंत उंटिणी दिसेनाशा झाल्या. फर्राजने ड्रोन उडवला. अँटेनाने खरंच कमाल केली; ड्रोन कधी नव्हे इतका लांब गेला आणि पडद्यावर उंटिणी दिसल्यासुद्धा. सिग्नल वाढला तरी बॅटरी होती तेवढीच आहे, एवढं बारीकसं मात्र साहेब विसरले होते. परतताना ड्रोनने नफूद वाळवंटाच्या अशा भुसभुशीत वाळूत बसकण मारली, जिथे गाडीही जात नाही.

ऊन उतरल्यावर आईने हौदापाशी उभं राहून नेहमीसारखी लांब हाळी दिली. एकेक उंटीण टेकडी उतरून पाण्यावर आली. त्यातल्याच एकीवर बसून फर्राज ड्रोन शोधायला निघाला.

आईने एक दावं त्याच्या हातात दिलं.



"सापडला की आधी त्याचे पुढचे पाय बांध."