बारा इंची स्पीकर, तीन वॅट

"मोठ्या आवाजाले मोठी ताकद लागते, ही माणसाची सगळ्यात जुनी चूक हाये," धर्मपालने हातातला पेचकस उंचावून जाहीर केलं, आणि लाइट गेली.

दारव्ह्यात तेव्हा बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं. मोठ्या विचारांना मधल्या वेळातच उरकावं लागे.

ऐकायला त्याच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात एकटे सदाशिवराव होते. कापूस खरेदी केंद्रावर तीस वर्षं ग्रेडर. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगायचे, आणि सांगता सांगता गावातल्या चार भानगडीही. त्याच सकाळी एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचे दोन जुने स्पीकर आणि स्वतःचा तीन वॅटचा वाल्वचा अॅम्प्लिफायर त्यांनी रिक्षातून आणून उतरवले होते.

"आवाज काढ याच्यातून," ते म्हणाले होते. "मंग राहू दे तुयाजवळच."

धर्मपाल हरखला. आजकालच्या स्पीकरना शंभर वॅट पाजले तरी ते नीट डोळे उघडत नाहीत. हे हलक्या कागदी कोनाचे म्हातारे मात्र तीन वॅटवर अख्खी आळी हलवतील. 'राहू दे तुयाजवळच' हे त्याला दोन दिवसांनी टोचलं.

कारण कापसाचे भाव पडल्याचं ते तिसरं वर्ष होतं. रोज कुठून ना कुठून कुणी जीव दिल्याची बातमी यायची, आणि तालुक्यात एक सरकारी जीप फिरायची. जीपवरचा भोंगा सांगायचा, माणूस अबोल झाला, जेवण तुटलं, हातचं काम अर्धवट सोडू लागला, वस्तू देऊन टाकू लागला, तर त्याला एकटं सोडू नका.

सदाशिवराव रोज दहाला येत, लोखंडी स्टुलावर बसत आणि बोलत नसत. नजर मात्र दुकानभर फिरे.

"त्या बाटलीत काय हाये?"

"थिनर. कोनाचा जुना गोंद सुटते त्यानं."

"लय जहाल असन?"

"वासच तेवढा, भाऊ," धर्मपाल घाईने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाटली जागेवर नव्हती.

तिसऱ्या दिवशी सदाशिवराव आढ्याच्या कडीकडे बघत बसले. मग उठून त्यांनी ती हलवून पाहिली. "किती वजन पेलते हे?"

"काहीच नाही. मागं पंखा टांगला, तं तोबी पडला." पंखा कधी टांगलाच नव्हता. "काहून पुसता?"

"असंच. किती दिवस लागतीन आता?"

"पंधरा."

"लवकर कर, बाबा. एकदा हे वाजलं का मी सुटलो."

त्या दिवसापासून धर्मपालने दुरुस्ती उलटी सुरू केली. कोनाच्या फाटक्या काठाला बारीक कागद लावायचा, वाळू द्यायचा आणि सकाळी स्वतःच उचकटायचा. मधोमध बसवलेली कॉइल केसभर सरकवून तिची खरखर ऐकवायची.

"पाहा, घासून राह्यली. अजून लय काम हाये."

"काल तं चांगलं झालतं."

"बिघडलं."

सदाशिवरावांचा चेहरा पडला. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

धर्मपालने दुपारी घरी जेवायला जाणं सोडलं. सदाशिवरावही हलत नसत. दोघं समोरासमोर उपाशी बसत. घरी नलू त्याच्या ताटाकडे बघायची आणि पदराने डोळे टिपायची. "काय होते तुमाले?" तिने एकदा विचारलं. तो "काही नाही" म्हणाला. एका माणसाचा जीव आपल्या हातात आहे, हे बायकोला कसं सांगणार?

बुधवारी लाइट होती, आणि कालचा कागद उचकटायचा, कॉइल सरकवायची अजून बाकी होती. धर्मपाल तार सोडवायला वाकला, तेवढ्यात सदाशिवरावांनीच बटण दाबलं.

वाल्व हळूहळू लाल झाले. रेडिओची तार जोडलेलीच होती. दोन्ही स्पीकरमधून इतका खणखणीत, इतका गोड आवाज आला की बाहेर सायकलवाला थांबला. आवाज कापसाचे पडलेले भाव सांगत होता.

सदाशिवराव डोळे पुसत उठले. "झालं," ते म्हणाले आणि दाराकडे वळले.

धर्मपालने झेप घेऊन शटर अर्धं ओढलं आणि त्यांचा हात घट्ट धरला. "भाऊ, जाऊ नका. ते थिनरची बाटली कुठं नेली? मले द्या. तुमाले माही शपथ."

सदाशिवराव परत स्टुलावर टेकले.

"नलूकडं हाये," ते म्हणाले. "तू कामं अर्धवट टाकू लागला म्हून महिना झाला तिनं मले तुयावर नजर ठेवाले बसवून; हे स्पीकरबी त्याच्यासाठीच आनले. म्हने, भाऊ, त्यांच्यापुढं दुःखाचं काही काढू नका. आता मले दुसरं बोलता येते का काही? म्हून चूप बसलतो. आज तू काम पुरं केलं, म्हंजे तू बरा झाला. पन तिनं अजून आठ दिवस बसा म्हनलं, तं उद्यापासून त्या स्टुलावर एखादी उशी ठेवजो."