न्यूटनच्या आधीची ओळ

हरिणीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता लावला होता: न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी एका मुसलमान पंडितानं लिहून ठेवलं होतं, की जड वस्तू पृथ्वीच्या मध्याकडे ओढली जाते.

परीक्षकांपैकी प्रतापसिंह तिचे लांबचे मामा. तक्ता वाचताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“पहिला नंबर हवा ना, बाळ? मग ही ओळ खोड. बाहेरून आलेल्यांचं कौतुक आपल्या तंजावुरात कशाला?”

“पण मामा, खरं आहे ते!”

“असेल गं. पण आपलं नाही ना!”

हरिणीनं हातातल्या पेनाला टोपण लावून टाकलं.



शेजारच्या तमिळ परीक्षकांना कळू नये म्हणून हे सगळं मामा मराठीत बोलले होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर तंजावुरात आलेल्या मराठीत.